रिकामा रकाना

"चिमे, मला काहीच आलेलं नाही," दादा फोनवर म्हणाला. ती हातातला चहाचा कप टेबलावर ठेवायला गेली आणि तो कीबोर्डवरच टेकवला. तिला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. सकाळपासून साऱ्या इमारतीत दुसरा विषय नव्हता. कुणाला कोणता मेल आला, एवढंच चाललं होतं. मेल दोनच होते. एक जाणाऱ्यांना, एक राहणाऱ्यांना. जाणाऱ्यांच्या मेलमध्ये कंपनीने त्यांच्या सेवेबद्दल आभार मानले होते आणि आठवड्याच्या आत टेबल रिकामं करायला सांगितलं होतं. राहणाऱ्यांच्या मेलमध्ये अभिनंदन होतं, नवा विभाग होता आणि नवं कार्ड घेऊन जायची सूचना होती. मजकूर साहेबांचा, बटण तिचं. बटण दाबल्यावर सगळ्या मजल्यावर एकदम शांतता झाली, आणि मग खुर्च्या मागे सरकल्याचे आवाज यायला लागले. हिशेब विभागातली एक बाई हसत सुटली होती, तिला थांबवता थांबवेना. तिला कोणता आला हे त्या हसण्यावरून काही कळत नव्हतं. आणि आता तळघरातल्या स्टोअरमधून हा फोन, खिळ्यांची पेटी संपली असं सांगावं तशा साध्या आवाजात. नको असलेल्या मेलच्या फोल्डरमध्येही पाहिलं म्हणाला. शेजारच्याला दाखवलं, त्यालाही सापडलं नाही. ती म्हणाली, येईल, कधी कधी उशीर होतो. तो बरं म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. ही त्याची जुनी सवय. कुणी काही सांगितलं की बरं म्हणायचं आणि आपल्या कामाला लागायचं.

उशीरबिशीर काही होत नसतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिने पाठवलेल्या मेलचा अहवाल उघडला. राहणाऱ्यांच्या गटात दादाचा पत्ता शोधला. नाही. स्पेलिंग चुकलं असेल म्हणून पुन्हा टाकला, मग नुसती आडनावाची तीन अक्षरं टाकून पाहिली. नाही. जाणाऱ्यांच्या गटात तर तो नसणारच होता, ती व्यवस्था तिने स्वतः केली होती. तरी तिथेही पाहिलं, आणि तिथेही तो नव्हता. कानात पाणी गेल्यावर होतं तसं झालं तिला. माणसं बोलत होती, तोंडं हलत होती, शब्द लांबून येत होते. आणि मग चूक इतकी सरळ समोर आली की आपल्याच हाताने आपल्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

सगळे तिला टपालबाई म्हणत. पूर्वी ती पत्त्यांच्या याद्या हाताने ठेवायची तेव्हापासूनचं ते नाव. नवा माणूस आला की पत्ता घालायचा, गेला की काढायचा. आणि तरी कुणी ना कुणी राहूनच जायचं. निवृत्त होऊन गावाकडे गेलेल्या म्हाताऱ्या लेखनिकाला वर्षभर पार्किंगच्या सूचना जात राहिल्या होत्या, आणि तो बिचारा प्रत्येकीला उत्तर पाठवायचा की माझ्याकडे गाडी नाही. मग मेलचं सॉफ्टवेअर कर्मचाऱ्यांच्या डेटाबेसला जोडलं आणि याद्या संपल्या. आता गट म्हणजे नावं नव्हती, गट म्हणजे अट. तिसऱ्या मजल्यावरचे. पाच वर्षं झालेले. या महिन्यात वाढदिवस असलेले. अट लिहून ठेवायची, बस. गट एरवी ओसाड पडलेला असतो. पाठवायचं बटण दाबलं की सॉफ्टवेअर डेटाबेसकडे जातं, एकेका ओळीला विचारतं, तू या अटीत बसतोस का? बसला तो आत. मेल जातो आणि गट पुन्हा ओसाड. हे तिला फार आवडायचं, का ते तिला कधी धड सांगता आलं नसतं. नवं कुणी शिकायला आलं की ती रंगात येऊन समजावायची. एक मात्र ध्यानात ठेवा म्हणायची, तीनपेक्षा कमी असलेल्यांचा एक गट केला आणि तीन किंवा जास्त असलेल्यांचा दुसरा केला, म्हणजे सगळे आले असं समजू नका. ज्याचा रकाना रिकामा, त्याला यंत्र कमीही म्हणत नाही आणि जास्तही म्हणत नाही. रिकामा म्हणजे शून्य नाही. तो दोन्हीकडून गळतो. हे सांगताना तिचा आवाज थोडा चढायचा, कारण बाकी साऱ्या कचेरीत एवढी एकच गोष्ट अशी होती जी तिला येत होती आणि साहेबांना येत नव्हती. आणि नेमकी तीच ती विसरली. घोड्यावर बसणारा पडतो म्हणतात, पण आपल्याच दारात, उभ्या घोड्यावरून?

साहेब म्हणजे कर्मचारी विभागाचे प्रमुख. माणूस वाईट नव्हता. खिशात पित्ताच्या गोळ्या ठेवायचा आणि लिफ्टमध्ये बायकांना आधी जाऊ द्यायचा. त्यांनी तिला बोलावून दार लावून घेतलं होतं आणि सांगितलं होतं की दोन गट करायचे. वार्षिक मूल्यांकनात तीनच्या खाली ते जाणारे, तीन आणि वर ते राहणारे. तिने विचारलं होतं की नावं एकदा तपासून घ्यायची का. "नावं नकोत," साहेब म्हणाले होते. "नावं आली की माणसं येतात, आणि माणसं आली की रडारड. अट लिहा, मोकळ्या व्हा." तिने अट लिहिली होती. पण गट तयार केला की चाचणी घ्यायची तिची शिस्त, त्यात कोण कोण येतं हे पडद्यावर पाहायची. ती पाहत गेली. ओळखीचे पत्ते होते, एरवी ज्यांच्याशी डब्यातली भाजी वाटून घ्यायची अशी माणसं होती, आणि ती ओठ दाबून खाली खाली जात राहिली. आणि स्टोअरचे पत्ते सुरू झाल्यावर चौथाच दादाचा. मूल्यांकन दोन. शेरा होता ‘संथ’. आता संथ तर तो होताच. नवी यंत्रं आली, मालावर लाल उजेड मारून नोंद करायची, ती त्याच्या हातात बसेनात. तो उजेड मारायचा आणि वर आपल्या डोळ्यांनी पुन्हा मोजायचा. नाकासमोर चालणारा माणूस. वडील गेल्यावर शाळा सोडून या स्टोअरमध्ये लागला तो अजून तिथेच होता. तिच्या कॉम्प्युटरच्या वर्गाचं शुल्क त्याने भरलं, तिला इथे चिकटवलं ते त्याने, साहेबांच्या आधीच्या साहेबांसमोर हात जोडून.

डेटाबेस बदलायचा अधिकार तिला नव्हता. म्हणजे होता, पण पत्त्यापुरता. मेल परत आले की चुकीचा पत्ता दुरुस्त करता यावा म्हणून कुणीतरी तिला ओळ उघडून दिली होती आणि बाकीच्या रकान्यांना कुलूप घालायचं राहून गेलं होतं. हे तिला माहीत होतं. घरात कुठे काय उघडं राहतं ते राहणाऱ्याला माहीत असतंच. तिने दादाची ओळ उघडली. दोन. तिथे तीन लिहिलं असतं तर प्रश्नच मिटला असता. बोट तीनच्या बटणावर गेलंही होतं. पण लिहायला हात धजेना. तीन लिहिणं म्हणजे खोटं लिहिणं. त्याला कुणीतरी विचारलं असतं, हे तीन कुणी दिले? आणि पुसलं तर? पुसलेलं काही बोलत नाही. भरायचं राहिलं असेल म्हणतील. कुणाचा हात लागलाय असं वाटायचं नाही. तिने पुसलं. पुन्हा चाचणी घेतली, जाणाऱ्यांच्या गटात स्टोअरच्या चौथ्या जागी आता दुसराच कुणी वर सरकला होता, आणि तिचा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी तिने डबा चाटूनपुसून खाल्ला. राहणाऱ्यांच्या गटाची चाचणी घ्यायचं तिच्या मनातही आलं नाही. जो जात नाही तो राहतो, यात तपासायचं काय? घरात, बाजारात, साऱ्या जगात असंच असतं. तेवढ्यापुरती ती टपालबाई नव्हती, नुसती बहीण होती.

त्यानंतरचे दिवस तिला एकसंध आठवत नाहीत. तुकडे आठवतात. तळमजल्यावर दोन खिडक्या उघडल्या होत्या. एकीवर राहणाऱ्यांनी नवं कार्ड घ्यायचं, दुसरीवर जाणाऱ्यांनी किल्ल्या द्यायच्या आणि सेवेचा दाखला, पगाराचे राहिलेले महिने वगैरे जे काही मिळायचं ते घ्यायचं. दोन्हींवर एकच नियम, मेल दाखवा. खिडकीवरच्या मुली फोनच्या पडद्याकडे पाहायच्या आणि शिक्का मारायच्या, वर चेहऱ्याकडे बघायला त्यांना वेळ नव्हता. दादा आधी पहिल्या खिडकीवर गेला, मग दुसरीवर. दोन्हीकडे त्याला विचारलं, मेल कुठाय? तो म्हणाला, तोच तर विचारायला आलोय. तर वर टपालबाईंकडे चौकशी करा म्हणाल्या. हे त्याने तिला जिन्यात हसत हसत सांगितलं. म्हणाला, मी जमेतही नाही आणि खर्चातही नाही, आमच्याकडे असा नग निघाला तर तो चोरीचा धरतात. तीही हसली. हसताना तिने जिन्याचा कठडा धरला होता, त्याला कसलातरी चिकटपणा होता आणि दिवसभर धुऊनही तो हाताला आहे असं वाटत राहिलं.

स्टोअर रिकामं होत चाललं. जाणारे दुपारी फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर जमायचे, एकमेकांचे नंबर घ्यायचे, कुणाचा मेहुणा कुठे आहे, कुठे जागा आहे असं बोलायचे. दुःखातही त्यांची एक टोळी झाली होती. दादा गेला की बोलणं थांबायचं. हा राहणाऱ्यांतला, त्यातून याची बहीण मेल पाठवते. मग तो वर कँटीनमध्ये यायचा, तर राहणारे आवाज खाली करायचे. यांचं काहीतरी आतलं दिसतंय. ती लांबच्या टेबलावरून पाहायची. तो डबा उघडायचा, झाकण शेजारी उलटं ठेवायचा, त्यात लोणचं काढून ठेवायचा, आणि भिंतीकडे तोंड करून जेवायचा. आयुष्यभर चार माणसांत बसून जेवलेला माणूस. त्याला एकटं चावताना पाहणं तिला सोसेना, पण उठून त्याच्या टेबलापर्यंत जाणंही तिला जमेना. लोक काय म्हणतील, हे कारण ती स्वतःला द्यायची. खरं कारण हे की जवळ बसलं असतं तर तो बोलला असता.

घरी वहिनी होती. टपालबाई त्यांच्याच घराची मागची खोली वापरत होती, नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हापासून. वहिनी तोंडाने फटकळ, पण मनात काही ठेवायची नाही. तिला गमतीने वन्सं म्हणायची, जुन्या बायका नणंदेला म्हणत तसं. पहिल्या दिवशी वहिनीने ते चांगलंच मानलं. मेल आला नाही म्हणजे जायचा आला नाही, मग काय हरकत आहे? दुसऱ्या दिवशी म्हणाली, पण राहायचाही आला नाही ना. त्यानंतर ती भात वाढता वाढता थांबली आणि म्हणाली, "वन्सं, ते तुमच्याच हातात आहे ना? मग विचारा की एकदा कुणालातरी." दादा म्हणाला, तिच्या हातात काय असणार, ती पाठवणारी, पोस्टमनला कुणी पत्रातलं विचारतं का? आणि त्याने आणखी भात मागितला. ती खाली मान घालून जेवत राहिली. घास गिळताना घशाचा आवाज होतोय आणि तो सगळ्यांना ऐकू जातोय असं तिला वाटलं.

मागच्या खोलीत पडल्यावर तिला एक गल्ली आठवायची. लहानपणची. पकडापकडीचा खेळ. ती सगळ्यांत धाकटी, तिला कुणी घ्यायला तयार नसायचं. मग दादा सांगायचा की ही माझी बहीण आहे, ही खेळेल, ही कच्चा लिंबू. कच्चा लिंबू म्हणजे पळायचं सगळ्यांबरोबर, ओरडायचं सगळ्यांबरोबर, पण राज्य कधी यायचं नाही. कुणी तिला पकडायचं नाही. पकडलं तरी ती बाद व्हायची नाही. सुरुवातीला तिला केवढं भारी वाटलं होतं! ती छाती फुटेस्तोवर पळायची. मग एकदा तिच्या लक्षात आलं की मागे कुणीच पळत नाहीये. ती थांबली तरी कुणी आलं नाही. राज्य असलेला मुलगा तिच्या अंगावरून, तिला चुकवून, दुसऱ्याच्या मागे गेला, मधे खांब असावा तसा. तेव्हा ती भोकाड पसरून रडली होती आणि मला पण बाद करा, मला पण बाद करा म्हणत राहिली होती. दादाला काही कळेना. तो तिला कडेवर घेऊन घरी आला आणि आईला म्हणाला, हिला कुणी काही केलं नाही, तरी रडतेय.

आणि एक आठवायचं ते नवऱ्याच्या घरातून निघतानाचं. तिने फक्त फोन करून ये म्हटलं होतं. दादा आला, पेटी उचलली, दारात चपला घालताना तिच्या नवऱ्याला म्हणाला, येतो. वाटेत एक शब्द विचारला नाही. काय झालं, कुणाचं चुकलं, पुढे काय. आजतागायत नाही. त्या न विचारण्यावर ती इतकी वर्षं जगली होती. आता त्याच न विचारण्याची तिला भीती वाटायला लागली. विचार ना रे बाबा एकदा. विचारलंस तर सांगता तरी येईल.

सांगून तरी काय होणार होतं, हेही ती मनात घोळवत राहायची. इकडे आड आणि तिकडे विहीर. रकान्यात आता तीन लिहावं, तर डेटाबेस प्रत्येक बदलाची नोंद ठेवतो, कुणी, कधी, कोणत्या मशीनवरून. मेल गेल्यानंतर टपालबाईने सख्ख्या भावाचे गुण वाढवले, हे आंधळ्यालाही दिसलं असतं. साहेबांना सांगावं की एकाचा रकाना रिकामा राहिलाय, तर ते जुनी प्रत काढून पाहणार, तिथे दोन असणार, आणि दादा आपल्याच हाताने बाहेर. शिवाय पुसलं कुणी, हे आलंच. मग दोघांचीही नोकरी जाणार, आणि घरात पगार आणणारं कुणीच उरणार नाही. तेव्हा काही न करणं हेच सगळ्यांत शहाणपणाचं, असं ती रोज सकाळी बसमध्ये ठरवायची. शेजारी दादा बसलेला असायचा. एकदा त्याने विचारलं, तुझं डोकं दुखतंय का? ती हो म्हणाली. त्याने खिडकीची काच लावून घेतली, आणि तिचं डोकं खरंच दुखायला लागलं.

शेवटी बेरजेने घात केला. दोन्ही मेल ज्यांना गेले त्यांची बेरीज पगार होणाऱ्यांपेक्षा एकाने कमी येत होती. हिशेब विभागाने ते साहेबांना कळवलं, साहेबांनी यंत्राची देखभाल करणाऱ्यांना विचारलं, आणि दुपारी जेवणानंतर तिला बोलावणं आलं. आत गेली तर दादा आधीच उभा होता, स्टोअरच्या किल्ल्यांचा जुडगा हातात घेऊन. त्याला खुर्ची दिली नव्हती की त्यानेच घेतली नव्हती, कळेना. साहेब पित्ताची गोळी चघळत होते. त्यांनी पडदा तिच्याकडे वळवला. दादाची ओळ, जुना आकडा दोन, नवा आकडा काहीच नाही, शेजारी तिचं नाव आणि तिचं मशीन. साहेबांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले की हा बदल तुमच्या नावावर दिसतोय, आणि हे तुमचे बंधू आहेत असं मला आत्ताच समजलं. तिने तोंड उघडलं. काय बोलणार होती ते तिला नंतरही कधी आठवलं नाही. खरं बोलणार होती असं ती स्वतःला सांगते.

"ते मी केलं, साहेब," दादा म्हणाला.

त्याने ते अगदी नीट सांगितलं. वर आलो होतो बहिणीला डबा द्यायला. ती चहाला गेली होती, मशीन उघडंच होतं. पडद्यावर माझं नाव दिसलं, दोन दिसले, ते मला बरे वाटले नाहीत, म्हणून पुसून टाकले. तिला काही माहीत नाही. बोलताना तो जुडग्यातल्या किल्ल्या एकेक करून ओळीने सरकवत होता, मोठीपासून लहानीपर्यंत. ही थाप होती, आणि वाईट थाप होती. ज्याला लाल उजेडाचं यंत्र धड चालवता येत नाही तो डेटाबेसची ओळ उघडून नेमका रकाना पुसणार? साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. पण त्यांना टपालबाई हवी होती. अजून दोन शहरांतल्या शाखांचे मेल जायचे होते आणि अटी लिहिणारं दुसरं कुणी नव्हतं. ते तिच्याकडे वळले आणि त्यांनी फार सावकाश विचारलं.

"तुम्ही मशीन उघडं ठेवून गेला होतात?"

किल्ल्या थांबल्या. एअरकंडिशनरची एक पट्टी सैल झाली होती, ती थरथरत होती. दादा तिच्याकडे पाहत नव्हता, तो साहेबांच्या टेबलावरच्या पेल्याकडे पाहत होता, पण त्याने मान अगदी जराशी हलवली, लहान मुलाला रस्ता ओलांडायला सांगावं तशी.

"हो," ती म्हणाली.

मग सगळं पटापट झालं. साहेबांनी तिला समज दिली, मशीन बंद करून उठत चला म्हणाले. दादाला म्हणाले की तुम्ही जाणाऱ्यांतही बसत नाही, कारण जाणाऱ्यांना कंपनी सन्मानाने पाठवतेय. नोंदीत ढवळाढवळ केली म्हणून तुम्हाला आजच काढावं लागेल, आणि त्यात दाखला नाही, राहिलेले महिने नाहीत, काही नाही. त्यासाठी मेलही लागत नाही. दादा बरं म्हणाला. जुडगा टेबलावर ठेवला, ठेवून एकदा डोळ्यांनीच मोजला, आणि निघाला. ती त्याच्या मागून जिन्यापर्यंत गेली. वरच्या मजल्यावरून कुणीतरी येत होतं म्हणून दोघं भिंतीला चिकटून उभे राहिले. तो माणूस खाली गेल्यावर दादा म्हणाला की फोनवर उशीर होतो म्हणालीस ना, तेव्हाच कळलं होतं. खोटं बोलताना तू लहानपणापासून शेवटचा शब्द गिळतेस. ती रडायला लागली. त्याने तिच्या पाठीवर हात ठेवला नाही. तो कठड्याला टेकून उभा राहिला, आणि आयुष्यात कधी खोदून न विचारणाऱ्या माणसाने पहिल्यांदाच विचारलं.

"पुसायला हात धजला तुझा, मग तीन लिहायला काय झालं होतं गं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तिच्याजवळ उत्तर होतं, ते फार लहान होतं आणि जिन्यात उभं राहून बोलण्यासारखं नव्हतं. तिला स्वतःची नोकरी जायची भीती वाटली होती, एवढंच. मग तो म्हणाला, तुझ्या वहिनीला मी सांगतो, तू मधे बोलू नकोस, आणि खाली उतरला.

ती जागेवर येऊन बसली तेव्हा साहेबांची सूचना येऊन पडली होती. असा घोळ शाखांमध्ये व्हायला नको. यापुढे ज्याचा रकाना रिकामा, तो जाणाऱ्यांत धरावा. अट दुरुस्त करून चाचणी घ्यावी, तीही नुसती चाचणी, मेल जाऊ नये. तिने इथलाच गट उघडला. तीनपेक्षा कमी, याच्यापुढे तिने लिहिलं, किंवा रिकामा. ज्यांना आधीच मेल गेलेत ते वगळले. हे तिला छान येत होतं, हात आपोआप चालत होते. चाचणीचं बटण दाबलं. पडद्यावर एकच ओळ आली. दादाची. त्याला काढल्याची नोंद अजून कुणी केली नव्हती. डेटाबेसच्या लेखी तो अजून कामावर होता, रकाना रिकामा होता, आणि पुसल्यापासून पहिल्यांदा तो कुठल्यातरी अटीत बसत होता.

खाली ‘पाठवा’ हे बटण होतं आणि त्याच्या शेजारी ‘रद्द’. पाठवा दाबलं असतं तर जाणाऱ्यांचा मेल दादाच्या फोनवर गेला असता, सेवेबद्दल आभारांसकट. तो अजून फाटकापाशीच असणार, फार तर बसच्या थांब्यावर. तळमजल्यावरची खिडकी अजून उघडी होती, खिडकीवरची मुलगी मेल बघून शिक्का मारायची, बाकी काही बघायची नाही. दाखला मिळाला असता, राहिलेले महिने मिळाले असते, टपरीवरच्या माणसांत त्याला उभं राहता आलं असतं. नंतर साहेबांनी विचारलं असतं तर बटण चुकून दाबलं गेलं म्हणता आलं असतं, असं होतंही. तिने ते सगळं बसल्या जागी पाहिलं, अगदी त्याचा खिशातून फोन काढतानाचा हातसुद्धा. मग तिला आठवलं, पाठवलेल्या मेलचीही तशीच नोंद राहते, कुणी, कधी, कोणत्या मशीनवरून. आता दुसऱ्यांदा तिचं नाव. शेजारच्या टेबलावर कुणीतरी फोनवर भाजी आणायला सांगत होतं.

तिने रद्द दाबलं, आणि चाचणी बरोबर आली असं साहेबांना कळवलं.